वाचलेल्यांसाठी

“बोल ना गं दोन शब्द. तू सांगितलं की लोक बराबर देतेत,” ब्लँकेटची घडी घालत साधनाबाई म्हणाल्या. साधनाबाई म्हणजे पाळकांच्या पत्नी. त्यांना सहसा कुणी नाही म्हणत नसे.

उषाबाईनं पुढचं ब्लँकेट घडीला घेतलं. नेपाळात भूकंप झाल्यापासून जालन्याच्या या चर्चमध्ये पांघरुणं गोळा होत होती, आणि कुठंही जमीन हलली की लोकांना उषाबाईची आठवण व्हायची. किल्लारीच्या भूकंपात तिचं अख्खं घर गेलं होतं. मदतीला गेलेल्या लोकांनी त्या पोरीला इथं आणलं, मिशनच्या वसतिगृहात वाढवलं, पुढं लग्नही लावून दिलं. आता ती एमआयडीसीत बियाणं निवडायच्या कामाला जायची, पण चर्चमध्ये अजून ‘भूकंपातली उषा’च होती. देवानं आपल्याला कसं वाचवलं, ही साक्ष तिनं इतक्यांदा दिली होती की ऐकणाऱ्यांनाही ती पाठ झाली होती.

त्या साक्षीत वसंता मात्र कधी येत नसे.

वसंता तिचा धाकटा भाऊ. तोही वाचला होता. दगडांखालून दोघांना काढलं तेव्हा तो चांगला रडत होता, पाणी मागत होता. मग पाऊस लागला. फाटक्या ताडपत्रीखाली तो तिला बिलगून कुडकुडत राहिला, आणि ब्लँकेटांचा ट्रक गावात पोचला तोवर त्याचं अंग गार पडलं होतं. देवानं मला वाचवलं म्हणायचं, तर वसंताचं काय म्हणायचं, हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

“बाई, आज साक्ष न्हाई देत मी. प्रार्थना करते,” ती म्हणाली. “त्यात माझ्या वसंताचं नाव घेऊ का?”

साधनाबाईंचे हात थांबले. शेजारी गठ्ठे बांधणारे चर्चचे पंच पुंजारामदादा हळूच म्हणाले, “उषा, आपल्यात मेलेल्यांसाठी प्रार्थना करीत न्हाईत, तुला म्हाईतंय. ते देवाच्या हातात गेले. आपण जित्यांसाठी मागायचं.”

“व्हय दादा.”

दादांचं काही चुकत नव्हतं. म्हणूनच तर तिचा जीव कोंडत होता. माहेरची रीत लहानपणीच सुटली, त्यामुळं वसंताच्या नावानं कावळ्याला कधी घास ठेवला नाही. आणि इथं त्याचं नाव प्रार्थनेत बसत नव्हतं. एवढ्या वर्षांत त्या पोराचं नाव कुणी मोठ्यानं घेतलंच नव्हतं. तिच्यामागं तर ते ठाऊक असलेलं माणूसही उरणार नव्हतं.

उपासनेत पाळकांनी तिला पुढं बोलावलं. सगळ्यांनी डोळे मिटले.

“हे प्रभू, जे वाचले आहेत त्यांच्याजवळ राहा. त्यांना निवारा दे, पांघरूण मिळू दे.” इथवर ती वसतिगृहात शिकवल्यासारखी बोलली. मग तिचा आवाज फाटला. “आन् वसंताला बी पांघरूण दे, बापा. ल्हान हाय त्यो. भिजून राह्यलाय. ट्रक येऊन राह्यला, तवर त्याला जागं ठेव.”

पुंजारामदादांनी डोळे उघडले. उषाबाई हात जोडून तशीच उभी होती. ‘आमेन’ तिच्या तोंडातून निघेना. तिनं म्हटलं आणि मागून कुणीच म्हटलं नाही तर, ही भीती होती.

दादांनी पाळकांकडं पाहिलं. पाळकांची मान खालीच होती. मग दादांनीही मान खाली घातली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “आमेन.”

मागून सगळं चर्च म्हणालं.

उपासना सुटल्यावर गठ्ठे टेम्पोत चढले. संभाजीनगरला ते मोठ्या ट्रकमध्ये जायचे होते.

“चहा घेतो अन् निघतो,” टेम्पोवाला म्हणाला.

“चहा वाटंत घ्या दादा,” उषाबाई म्हणाली. आभाळ निरभ्र होतं, तरी गठ्ठ्यांवरच्या ताडपत्रीची दोरी तिनं स्वतः ओढून घट्ट बांधली. “आता जल्दी निघा.”