खरडपट्टी

मित्रांनो, थंडीत गाडीच्या पुढच्या काचेवर साचलेला बर्फ खरवडणारी मी एक जुनी पट्टी आहे. रंग पिवळा, अंगाने तळहाताएवढी आणि एका कडेला पितळेची धार. माझ्या मालकीणबाई सुईण आहेत. त्या मला गमतीने ‘खरडपट्टी’ म्हणतात.

बाईंची गाडी माझ्याहूनही म्हातारी. तिची गरम हवा म्हणजे आजारी माणसाची फुंकर! त्यामुळे काच साफ करायची ती मीच. सकाळी कुणाचे बोलावणे आले की बाई मला हातात घेत आणि म्हणत, “चल गं, बाळ काही आपल्यासाठी थांबायचं नाही.” त्यांच्या हातमोज्याच्या उबेत मला स्वर्ग दोन बोटे उरत असे.

मग एका हिवाळ्यात जावईबापूंनी निळ्या औषधाची फवाऱ्याची बाटली आणली. दोनदा फुस्स केले की बर्फ पाणी होऊन ओघळे.

“काय गुणाची आहे हो ही!” बाई म्हणाल्या.

मित्रांनो, इतक्या वर्षांत मला कुणी गुणाची म्हटले नव्हते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या सवतीला दाराच्या कप्प्यात मानाची जागा मिळाली आणि मी सीटखाली बिस्किटांच्या चुऱ्यात जाऊन पडले. रोज तिची फुसफुस ऐकून मी मनात म्हणे, मेली आटत कशी नाही!

एके सकाळी ती खरेच आटली. पण नेमका तेव्हाच बेकरीवाल्याचा फोन आला. त्याच्या बायकोला कळा सुरू झाल्या होत्या आणि बाळ पायाळू होते. काचेवर बर्फाचा जाड थर. बाटली नुसतीच खोकली. जावईबापू उकळत्या पाण्याची किटली घेऊन धावत आले.

“आई, ओततो!”

“अहो, थांबा! काच तडकेल. माझी खरडपट्टी कुठंय?”

त्यांनी सीटखाली चाचपडून मला बाहेर काढले. मग काय विचारता! बर्फाचा भुगा उडू लागला. जावईबापू आतून कोरड्या फडक्याने वाफ पुसत होते. वाटीएवढी जागा मोकळी होताच ते म्हणाले, “दिसतंय आता. निघा.”

“भोकातून बघत गाडी हाकू? रस्त्यावर शाळेची पोरं असतील,” बाई म्हणाल्या. त्यांनी सगळी काच लख्ख केली, मला घाईघाईत कोटाच्या खिशात टाकले आणि गाडी काढली.

कोट बाळंतिणीच्या खोलीतच टांगला गेला. आजवर मी दारापर्यंतच जात असे. आज आतले सारे ऐकले. बाईंचे “दम धर, पोरी,” तिचे कण्हणे, मग जीव टांगणीला लावणारी शांतता. आणि एकदाचा ट्यॅहाँ! बाहेर बेकरीवाला हुंदके देत हसत होता.

बाटली पुन्हा भरली गेली. आता आम्ही दोघी एकाच कप्प्यात असतो. आधी ती बर्फ मऊ करते, मग मी तो काढते. काम झटपट होते, हे मान्य. तरी पहिला मान तिला मिळाला की अजून पोटात दुखतेच.

मित्रांनो, एक विनंती आहे. घाई कितीही असो, पूर्ण काच साफ केल्याशिवाय गाडी हलवू नका. आणि काम झाले की आम्हाला कोरडे पुसून जागेवर ठेवा. दोघींना.

हो, तिलासुद्धा.