बंद झडप

लेक तीन महिन्यांची असताना तिचे वडील पाणबुडीवर गेले, ते परत आलेच नाहीत. युद्ध संपायला तेव्हा जेमतेम पाच आठवडे उरले होते. पाणबुडीवर एकेचाळीस माणसं होती. एकही जण वाचला नाही, आणि ती नेमकी कुठे बुडाली हेही कुणाला कळलं नाही. महिनाभर आधी इंजिनाला हवा पुरवणारी झडप अडकल्याची नोंद बंदरात सापडली. तेवढ्यावरून चौकशी समितीनं अंदाज बांधला, की बुडी मारताना ती झडप उघडी राहिली असावी. झडप बंद करणं हे फिटरचं काम, आणि फिटर म्हणजे तिचे वडील.

‘असावी’ हा शब्द वर्षभरसुद्धा टिकला नाही. गोदीजवळच्या वस्तीत सगळे ‘राहिली’ असंच म्हणायला लागले. शाळेत लेकीला ‘झडपवाल्याची’ हे नाव पडलं. एकदा पावाच्या दुकानासमोर रांगेत असताना, त्याच पाणबुडीवर असलेल्या तारायंत्रवाल्याची बहीण सगळ्यांदेखत आईला म्हणाली, “तुझ्या नवऱ्याच्या वेंधळेपणानं चाळीस घरं बसली.” आई लेकीचा हात धरून रांगेतून बाहेर पडली आणि त्यानंतर लांबच्या दुकानातून पाव आणू लागली.

लेक मात्र गप्प बसणाऱ्यातली नव्हती. शिवणकामातून सवड मिळेल तशी ती नौदलाला पत्रं लिहायची: पुरावा काय? कुणी बघितलं? उत्तर आलं की मोठ्यानं वाचून दाखवायची. आई तेवढ्यात उठून स्वयंपाकघरात जायची. “जाऊ दे गं, किती उकरशील,” एवढंच म्हणायची. आईला दुःख सोसवत नाही, असं लेकीनं धरून चाललं होतं.

अशी सत्तर वर्षं गेली. मग समुद्रतळाशी केबल टाकण्याआधी पाहणी करणाऱ्या जहाजाला खोल पाण्यात एक लांबट आकार दिसला. कॅमेरा खाली सोडला, तर मनोऱ्यावरचा क्रमांक वाचता आला: तीच पाणबुडी. लेकीची पत्रं नौदलाच्या दप्तरात होतीच, म्हणून पाहणी करणारी इंजिनिअर एका दुपारी स्वत: घरी आली. पस्तिशीची असेल. आईची नव्वदी उलटलेली, ऐकू कमी यायचं. इंजिनिअर खुर्ची ओढून तिच्या कानाशी बसली.

“आजी, पाणसुरुंगावर आदळली पाणबुडी. मागचा भाग पार फाटलाय. कुणाच्या हातात काहीच नव्हतं.”

“आणि झडप?” लेकीनं विचारलं.

इंजिनिअरनं लॅपटॉप वळवला. हिरवट पाणी, गंजाचे पापुद्रे, आणि मधोमध एक गोल झाकण, कडेला कडा चिकटून बसलेलं. “ही ती. बंद आहे. चारही बाजूंनी तपासलंय आम्ही.”

लेकीला रडू फुटलं. “बघ आई! मी म्हणत नव्हते?”

आई पडद्याकडे वाकली. तिनं झाकणाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “मी म्हणत होते.”

“काय?”

“उघडीच राहिली असणार, असं. मनातल्या मनात. पहिल्या दिवसापासून.” तिनं बोट मागे घेतलं. “तुझा बाप भारी विसराळू होता गं. नळ चालू ठेवून कामाला जायचा. समितीनं सांगितलं आणि मला खरंच वाटलं. सत्तर वर्षं रागावलेय मी त्याच्यावर. आणि त्या माणसानं आपलं काम नीट केलं होतं.”

इंजिनिअरनं हळूच लॅपटॉप मिटला आणि म्हातारीचा हात हातात घेतला.

बातमी छापून आली. आठवड्यानं दारावर तारायंत्रवाल्याची बहीण उभी, नातीच्या आधारानं. तीही आता शहाऐंशीची. “रांगेत मी जे बोलले...” तिनं सुरुवात केली.

लेकीच्या मनात आलं, दार लावून घ्यावं. पण आतून आई ओरडली, “तिला बसायला दे आधी. पडेल दारात!”

चहा झाला. बहीण पुन्हा माफीकडे वळू लागली, तशी आईनं तिला थांबवलं. “तू तोंडानं बोललीस, मी मनात बोलले. फिट्टंफाट झाली. तुझा भाऊ आणि आमचा हा पाणबुडीवर एकाच बाकावर बसायचे ना जेवायला?”

“हो. आणि तुमचे ‘हे’ रोज त्याचाच चमचा उचलायचे. पत्रात लिहिलं होतं त्यानं.”

आई खुदकन हसली. “घरीही तेच! लग्नाला निघाला तेव्हा एका पायात स्वत:चा बूट, दुसऱ्या पायात त्याच्या भावाचा. दिवसभर लंगडत होता, पण कबूल करेना.”

लेक हातातली बशी घेऊन तशीच उभी होती. वडील लंगडले होते, हट्टी होते, दुसऱ्याचे चमचे उचलायचे, हे तिला आज एकाहत्तराव्या वर्षी कळत होतं. विसराळूपणाचं नाव निघू नये म्हणून आईनं या सगळ्या गोष्टी गिळून टाकल्या होत्या.

लेकीनं खुर्ची ओढली. “मग? बाबांच्या भावानं काय केलं?”

“तो कसला सोडतोय!” आई म्हणाली, आणि सांगू लागली.