माझ्या बर्फातले सहा कुत्रे

मी एक जुने तैलचित्र आहे, मित्रांनो, आणि माझ्या पोटात बारा महिने कडाक्याची थंडी असते. वादळ आहे, बर्फ आहे, घसरगाडी ओढणारे सहा कुत्रे आहेत. सर्वांत पुढच्या कुत्र्यासमोर बर्फ दुभंगून पाणी दिसते आहे आणि तो कुत्रा जागीच थबकला आहे. मला रंगवले जर्मनीतल्या कार्ल्सरूहे गावच्या एका शाळामास्तरांनी. उत्तर ध्रुव त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. शेजाऱ्यांचा कुत्रा समोर बसवून त्यांनी सहाही काढले, म्हणून माझे कुत्रे सख्खी भावंडे दिसतात. हसू नका, पाहुणे माझे फार कौतुक करायचे.

मास्तर गेले. २००६ साली श्पेरम्युलच्या दिवशी, म्हणजे लोक नको असलेले सामान रस्त्याकडेला मांडतात तेव्हा, त्यांच्या मुलांनी मला मोडक्या खुर्चीला टेकवून ठेवले. मला फार वाईट वाटले.

तेवढ्यात एक छोटी मुलगी माझ्यासमोर येऊन बसली, ती उठेचना. तिचे नाव उर्जा. तिचे आईवडील, सुलेखा आणि श्रीरंग, पुण्याहून नोकरीसाठी इथे आलेले.

"लोकांनी टाकलेलं घरी न्यायचं?" सुलेखाने नाक मुरडले.

"इथे सगळेच नेतात गं," म्हणत श्रीरंगने मला काखोटीला मारले.

उर्जाला मराठी सगळे कळायचे, पण बोलायची जर्मनमध्ये. हिवाळा आला तशी ती माझ्या कुत्र्यांवर हात ठेवून म्हणाली, "आई, काल्ट! झेअर काल्ट!" त्यांना फार थंडी वाजतेय, असे तिचे म्हणणे.

"आल्झो, चला तर मग, हाइत्सुंगच्या वर लावू त्यांना," श्रीरंग म्हणाला आणि मी हीटरच्या वर लटकले.

उर्जा येता-जाता हीटर वाढवायची. खोटे कशाला बोलू, एवढी माया मला कुणी लावली नव्हती. पण उष्णतेने माझा रंग तडकू लागला. बर्फाला खरोखरीच्या भेगा पडल्या आणि एके दिवशी पुढच्या कुत्र्याचा पंजा निखळून खाली पडला. आता तो कुत्रा पाण्यात बुडणार आणि तोही आपल्यामुळे, अशा भीतीने उर्जा हमसून हमसून रडली.

चित्रे दुरुस्त करणाऱ्या फ्राउ केलर नावाच्या बाईंनी पंजा अलगद चिकटवला आणि बजावले, "याला ऊब सोसत नाही. थंड भिंतीवर लावा, नाहीतर उरलेलाही रंग गळेल."

उर्जा नाही नाही म्हणत मान हलवत राहिली. एवढ्या थंडीत त्यांना सोडायचे? कुणी तिच्यावर जबरदस्ती केली नाही. चादरीत गुंडाळलेले मी कोपऱ्यात वाट पाहत होते. शेवटी तिनेच बाबाचा हात धरला आणि दारालगतच्या, घरातल्या सर्वांत गार भिंतीकडे बोट दाखवले.

मी तिथे लागल्यावर ती आत गेली आणि कोट, टोपी, हातमोजे चढवून माझ्यासमोर फरशीवर येऊन बसली.

"अगं, घरात कोट कशाला?" सुलेखाने विचारले.

उत्तर चक्क मराठीत आले. "मी यांच्याबरोबर आहे."

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर माया जरूर करा. पण आपल्याला जे सुखाचे, तेच त्यांनाही सुखाचे असेल असे धरून चालू नका. त्यांना सोसेल अशा जागी त्यांना राहू द्या, आणि जमलेच तर कोट घालून थोडा वेळ त्यांच्याजवळ जाऊन बसा.