आज कोणी नाही

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझी एक बिजागरी सैल आहे, आणि चार्जर काढला की जीव कासावीस होतो. पण एके काळी माझाही थाट होता! कारखान्यातून मी थेट वेबसाइट बनवणाऱ्या एका बाईंच्या टेबलावर आलो. सहा वर्षे कौतुक झाले. मग नवा लॅपटॉप आला आणि मी कपाटात बॅगांखाली गेलो. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

तिथून मला त्यांच्या वहिनींनी बाहेर काढले. त्या लहान मुलांच्या दवाखान्यात नर्स. पन्नाशीत त्या वेब प्रोग्रॅमिंग शिकायला बसल्या. आज कोणाकोणाची लस आहे ती यादी माझ्या पडद्यावर दिसावी, ती पाहून घरोघर आठवणीचा फोन करता यावा आणि एकही बाळ चुकू नये, एवढाच त्यांचा ध्यास. एका बोटाने टाइप करायच्या, आणि अडले की मलाच म्हणायच्या, "असं करू नये बाळा." माझा त्यांच्यावर तेव्हाच जीव जडला.

पान तयार झाले. लसींच्या तारखा लिहिलेली रोजची वही खणात गेली. सोमवारी मी दाखवले, 'आज कोणी नाही.' मंगळवारीही तेच. बुधवारी एक आई बाळाला घेऊन दारात उभी राहिली. कार्डावर त्याच दिवसाची तारीख होती. नर्सबाईंचा चेहरा पडला. बाळाला लस देऊन त्यांनी मला उचलले आणि नणंदेचे घर गाठले.

"वन्स, तारीख तीच आहे. मग हा कोणी नाही असं का म्हणतो?"

"वहिनी, तुमच्या 'आज'मध्ये तास-मिनिटंही आलीत. ती आधी काढा."

काढली. तरी यादी रिकामीच.

नणंदबाई हसल्या. "दोन डब्यांत सारखीच साखर आहे. तुम्ही विचारताय, हा डबा तोच डबा आहे का. तो नाहीच म्हणणार. आतलं मोजून विचारा ना."

दोन्ही तारखांचे आकडे केले, ते ताडून पाहिले, आणि मी भडाभडा नावे दाखवली. मग त्यांनी मागच्या दोन दिवसांचीही यादी मागितली. तीन दिवसांची नऊ बाळे राहिली होती. मी खोटे बोललो नव्हतो, विचारले तेवढेच सांगितले होते. तरी मला फार लाज वाटली.

नर्सबाईंनी घरोघर फोन केले. "चूक माझी आहे, उद्या घेऊन या." आठ बाळे आली. नवव्याच्या घरी त्या स्वतः गेल्या.

मित्रांनो, माझ्यावर चहा सांडू नका, बिजागरी जपून उघडा. आणि मी 'कोणी नाही' म्हणालो, तर एकदा वहीत बघा. ती आता खणात नसते, माझ्या शेजारीच असते.