नाल्यापलीकडचं मित्रराष्ट्र

जगात कुठेही लढाई पेटली की तिच्यावरचा पहिला सल्ला आमच्या गावच्या पारावरून जातो आणि सल्लागार मी असतो. सल्ला कोणी मागितलेला नसतो. पण नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या मास्तरला थांबवणार कोण? रोहिणखेडहून डोंगराकडे निघालं की आमचं गाव लागतं. लोक मला किसनराव गुरुजी म्हणतात, मान देतात, आणि मी घसा खाकरला की चपला शोधायला लागतात.

गावाशेजारचा नाला ओलांडला की टाकळी. तिथे माझी लेक पूनम दिली आहे. यंदा आमच्या ग्रामपंचायतीनं शिवाराभोवती तार ओढून झटका मशीन बसवलं. सौर बॅटरीवर चालतं ते. तारेला नाक लागलं की रानडुक्कर दचकून मागे फिरतं. फिरून जाणार कुठे? नाला उतरून टाकळीच्या मक्यात. आमचं शिवार सुरक्षित झालं आणि टाकळीचं उघडं पडलं.

पूनमचा मका तोडणीला आला होता. जावई हर्षल रोज रात्री शेतात जागल करून, डबे वाजवून, शेवटी तापानं आडवा झाला. आमच्या पंचायतीत एक जादा मशीन खोक्यातच पडून होतं. मका निघेपर्यंत तेवढं वापरायला द्या, अशी टाकळीकरांनी विनंती केली, आणि दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत त्यावर निर्णय होणार असं ठरलं. पूनमनं मला फोन करून सांगितलं की बाबा, सभेत तुम्ही बोला, तुमचं लोक ऐकतात. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी बापाबद्दल एवढा मोठा गैरसमज जपणारी लेक नशिबानंच मिळते.

मी बोलणारच होतो. पण सभेच्या आदल्या संध्याकाळी पारावर भगवानराव म्हणाले, "आपल्या गावची वस्तू भायेर काऊन द्यायची? काही लोकायचे सोयरे तिकडं हायेत, त्यायची गोष्ट येगळी." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बाकी सगळ्यांनी पाहिलं.

ते मला फार लागलं. आयुष्यभर पोरांकडून निःपक्षपातीपणाची व्याख्या घोकून घेतली आणि आता म्हातारपणी लेकीसाठी पंचायतीचं मशीन पळवणारा बाप ठरू? मी तिथल्या तिथे ठरवलं की सभेत टाकळीचं नाव घ्यायचं नाही, पूनमचं तर नाहीच. फक्त तत्त्व मांडायचं. शहाण्याला शब्दांचा मार पुरतो. बोलणारासुद्धा शहाणा असावा लागतो, एवढं त्या म्हणीत सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात सभा भरली. टाकळीचा विषय ऐनवेळच्या विषयांत, म्हणजे अगदी शेवटी होता. सरपंच रुपालीताईंनी कोणाला बोलायचं आहे का विचारलं आणि मी उभा राहिलो.

मी थेट सातासमुद्रापार गेलो. मित्रदेशांना संरक्षणाची मदत मंजूर करणं हे संसदेचं कर्तव्य का आहे, ते सांगायला लागलो. मित्राची सीमा ही आपली पहिली सीमा असते. शत्रू तिथे अडला तर आपल्या दारात येत नाही. आज मित्राला एकटं सोडलं तर उद्या आपल्या हाकेला ओ कोण देईल? आणि ही मदत राज्यकर्त्याच्या लहरीवर जाऊ नये, सभागृहानं चर्चा करून, अटी घालून, हिशेब मागून ती द्यावी, म्हणजे देणाऱ्याची मान ताठ राहते आणि घेणाराही मिंधा होत नाही. तोफा, रडार, विमानविरोधी यंत्रणा, सगळं काढलं. मागे गांधीजींचा हार घातलेला फोटो होता. त्यांच्या जयंतीला त्यांच्याकडे पाठ करून मी शस्त्रांची तरफदारी करत होतो, आणि काय सांगू, रंगात आलो होतो. एकही माणूस चपला शोधत नव्हता.

"म्हणून सभागृहानं मित्राच्या मदतीला उशीर करू नये," असं म्हणून मी थांबलो. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबायच्या आत भगवानराव उठले. मला वाटलं, आता सोयरे निघणार. पण ते म्हणाले, "गुरुजी एकदम बराबर बोलले. आपल्या ग्रामसभेनं संसदेले तशी शिफारस करावं. माहं अनुमोदन." नाल्यापलीकडे एक खोकं द्यायला ज्यांचा जीव जात होता, त्यांनी समुद्रापलीकडे तोफखाना देऊन टाकला. हात वर झाले. ग्रामसेवकानं ठराव लिहून घेतला. सूचक म्हणून माझं नाव पडलं.

रुपालीताई माझ्याकडे बघत होत्या. त्यांना बहुतेक कळलं होतं. त्यांनी विचारलं, "गुरुजी, अजून काही बोलाचं हाय का?"

बोलायचं होतं. अजून एक वाक्य बोलायचं होतं. पण पहिल्यांदाच गावानं माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या, आणि त्या वाक्यानंतर भगवानराव पुन्हा सोयऱ्यांवर आले असते. मी मान हलवून नाही म्हटलं. तेवढ्यात चहा आला, आणि आमच्याकडे चहा आला की सभा संपते. टाकळीचा विषय पुढच्या सभेवर गेला.

संध्याकाळी पूनमचा फोन आला. काय झालं विचारत होती. मी म्हणालो, "ठराव झाला. सर्वानुमते." यात खोटं काहीच नव्हतं. सकाळी रुपालीताईंना गाठून मशीन मिळवू, मग खुलासा करू, असा माझा बेत होता. तिचा आवाज इतका हलका झाला की मी खुलासा न करताच फोन ठेवला.

सकाळी मी चहा घेत असतानाच तिचा परत फोन आला. तिनं फक्त शेतात या म्हटलं.

मका झोपला होता. बांधाकडच्या एका पट्टीत तेवढी ताटं उभी होती, बाकी सगळं चघळून चिखलात तुडवलेलं. पूनम शाबूत कणसं वेचून टोपलीत टाकत होती. तिची सासू मनकर्णाबाई बांधावर बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि बसायला पोतं पुढे केलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मशीन येणार म्हणून काल कोणी राखणीला गेलंच नाही, पोराला जरा झोप मिळाली, असं त्या म्हणाल्या.

मी पूनमला सगळं सांगितलं. मित्रदेश, सीमा, भगवानरावांचं अनुमोदन, सगळं. इतकं पडेल भाषण मी आयुष्यात केलं नसेल. तिनं हातातलं कणीस टोपलीत टाकलं.

"बाबा, त्या देशायनं तुमाले फोन केला होता काय?" ती म्हणाली. "म्या तं केला होता."

मला तिच्याकडे बघवेना. लाज वाटली, आणि ती लाज सोयऱ्यांच्या टोमण्याहून फार मोठी होती. मी बांधावर जाऊन रुपालीताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, बोला गुरुजी. माझ्या तोंडात सवयीनं प्रस्तावना आली होती, ती गिळली.

"ताई, माह्या पोरीचं वावर हाय. डुकरं खाऊन राह्यले. मशीन पाठवा."

"पाठवते," त्या म्हणाल्या.