तुळू बोलणारे ॲप

मी एक जुने ॲप आहे. माझे नाव पातेर. तुळू भाषेत पातेर म्हणजे बोलणे. मित्रांनो, तुमच्या घरातल्या फोनवर रंगीत चौकोन दिसतात ना, त्यातलाच मी एक हिरवा चौकोन. ज्यांना तोंडाने बोलता येत नाही, त्यांच्यासाठी मी बोलतो. त्यांनी चित्रावर बोट ठेवायचे आणि मी ते बोलून दाखवायचे, एवढेच माझे काम.

माझा जन्म मंगळूरला, कद्रीच्या उतारावरच्या एका कौलारू घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाला. मला घडवणारी विनुता कोटियन बंगळुरात एका कंपनीत नोकरीला होती. तिचे वडील सेसप्पा मंगळूर–मूडबिद्री बसचे कंडक्टर. ते नंतूरला ओरडले की पुढच्या थांब्यावर, कुलशेखरला, लोक पिशव्या उचलून उभे राहतात, अशी त्यांच्या आवाजाची ख्याती होती. एका सकाळी चालत्या बसमध्येच त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात गेला आणि वाचा गेली. कळत सगळे होते. शब्द मात्र ओठांपर्यंत येऊन परत जात.

विनुता घरी परतली. घरूनच कंपनीचे काम करण्याची परवानगी तिने मिळवली आणि उरलेल्या वेळात ती मला लिहू लागली. चित्रांवरून बोलणारी ॲप तेव्हाही होती. पण ती इंग्रजीत बोलत, फार तर कन्नडात, आणि तीही यंत्राच्या आवाजात. सेसप्पांच्या घरात हसणे, रागावणे, देवाला हाक मारणे सगळे तुळूत चाले. म्हणून विनुताने मला तुळू शिकवले. पाणी, भूक, औषध, दुखते, झोप हे माझे पहिले शब्द. ते तिच्याच आवाजात होते.

मी तयार झालो तेव्हा तिने फोन वडिलांच्या मांडीवर ठेवला. "पप्पा, बघा. पाणी हवं असेल तर इथे बोट ठेवायचं."

सेसप्पांनी डाव्या हाताने फोन दूर सारला. तिने पुन्हा ठेवला, त्यांनी पुन्हा सारला. तिसऱ्यांदा तर त्यांनी तोंडच भिंतीकडे फिरवले. विनुता रडवेली झाली.

त्याच वेळी त्यांच्या बसचा ड्रायव्हर लोकय्या त्यांना भेटायला आला होता. त्याने मला हातात घेतले, एकेक चित्र दाबून पाहिले आणि मान हलवली.

"अगं पोरी, या माणसानं जन्मात कुणाकडे पाणी मागितलं नाही. यानं नुसता दम भरला लोकांना! दम भरायचं बटण कुठाय यात?"

"दम भरायचं बटण कसं असेल लोकय्यमामा?"

"का नाही? मी बोलतो की. इतकी वर्षं याचं ओरडणं पाठीमागून ऐकलंय, झोपेतसुद्धा करून दाखवीन."

आणि लोकय्याने थेट सेसप्पांच्या आवाजात ठणकावले, "आत सरका, आत! मागं सगळं रिकामं, पुढं काय देव बसलाय?"

विनुताने ते टिपले आणि त्याचे एक चित्र केले. संध्याकाळी सेसप्पांची बायको कमलाक्षी नारळ घेऊन टीव्हीसमोर आडवी उभी राहिली, तेव्हा सेसप्पांनी स्वतःहून मला ओढून घेतले आणि बोट ठेवले. "पुढं काय देव बसलाय?" मी गरजलो. कमलाक्षीच्या हातातला नारळ खाली पडला. ती हसत हसत खाली बसली, आणि मग पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ तशीच बसून राहिली.

त्या दिवशी मला माझे काम समजले. माणसाला पाणी तर लागतेच. पण थट्टा करायला, कुरकुर करायला आणि बायकोला चिडवायलाही शब्द लागतात. पुढे विनुताने माझ्यात एक सोय केली. ज्याच्या घरी मी जाईन, त्या घरातल्या माणसांनी आपल्याच आवाजात हवे ते शब्द माझ्यात भरावेत. हे आवाज तिने त्यांच्याच फोनमध्ये राहू दिले. "लोकांच्या घरातलं बोलणं माझ्याकडे कशाला?" असे ती म्हणाली. तेव्हा तिचे म्हणणे मला फार आवडले होते.

मग तिने मला ॲपच्या मोठ्या दुकानात ठेवले. तिथे लाखो ॲप असतात आणि कुणीही फुकट घेऊन जाऊ शकते. सुरुवातीला मला कुणी विचारले नाही. मग एका इस्पितळातल्या वाचाउपचार करणाऱ्या बाईंनी मला पाहिले आणि त्या रुग्णांना माझे नाव सांगू लागल्या. मी पुत्तूरला गेलो, उडुपीला गेलो. मलपे बंदरातली एक मासळीवाली घशाच्या शस्त्रक्रियेनंतर माझ्याकडून गिऱ्हाइकांना ऐकवी, "बांगडा आजचाच आहे, नाक मुरडू नको!" वर्तमानपत्रात विनुताचा फोटो छापून आला. बंगळुरात तिला व्यासपीठावर बोलावून शाल घातली. मित्रांनो, स्वतःची स्तुती करू नये, पण तेव्हा मी फार खुशीत होतो.

सगळे काही गोड नव्हते. एका गृहस्थांनी दुकानात माझ्याखाली लिहिले, "अगदी बेकार ॲप. बोलतच नाही." त्यांच्या फोनचा आवाजच बंद होता. विनुताने नम्रपणे तसे कळवले. त्यांनी आवाज चालू केला, पण लिहिलेले काही पुसले नाही. एका कंपनीने जवळजवळ माझ्यासारखेच ॲप काढले. त्यांच्याकडे माणसे होती, जाहिरात होती. त्यांचे ॲप दिसायलाही देखणे होते. मात्र त्याला तुळू येत नव्हते.

मला सांभाळण्याचा खर्च निघावा म्हणून विनुताने एकदा माझ्यात जाहिराती घातल्या. त्याच आठवड्यात सेसप्पांनी घाईने 'संडासला जायचंय' यावर बोट ठेवले आणि मी बोलण्याआधी पडदाभर पत्त्यांच्या खेळाची जाहिरात नाचू लागली. ती मिटवायची खूण इतकी बारीक होती की त्यांच्या थरथरत्या डाव्या हाताला सापडेना. त्यांना सगळे कपडे बदलावे लागले. विनुता आपल्या हातांनी ते करत होती आणि सेसप्पा तिच्याकडे बघत नव्हते. मला हाक मारता येत होती, पण त्या जाहिरातीच्या खाली मी गाडला गेलो होतो. तिने त्याच दिवशी जाहिराती काढल्या. पुन्हा कधी घातल्या नाहीत.

नंतर सेसप्पा गेले. दुसरा झटका आला, तेव्हा मी त्यांच्या उशाशीच होतो. त्यांचे बोट माझ्यापर्यंत पोचले नाही.

विनुताने त्यांचा फोन बंद करून कपाटात ठेवला. मी तिच्या लॅपटॉपमध्येही होतो, आणि जिथे जिथे लोकांनी मला नेले होते त्या सगळ्या फोनमध्येही. लोक तिला लिहीत. कुणाला कोंकणी हवी होती, कुणाचे बटण अडकत होते, कुणी नुसतेच आभार मानले होते. ती वाचे आणि उत्तर न देता बंद करून ठेवी. मला सुधारायला बसली की तपासण्यासाठी एखादे चित्र दाबावे लागे. दाबले की लोकय्याच्या तोंडून तिचे वडील ओरडत, "आत सरका, आत!" ती लॅपटॉप बंद करून उठून जाई.

ॲपच्या जगात, मित्रांनो, नुसते नीट चालणे पुरत नाही. फोन बदलतात, दुकानाचे नियम बदलतात. दर वर्षी आपल्यालाही त्यांच्याबरोबर बदलावे लागते. जे बदलत नाहीत त्यांना दुकानातून काढतात. तशी सूचना विनुताला आली. मग दुसरी आली. ती आली तेव्हा विनुता खरेच कंबर कसून बसली. पण मी एकट्या तिचा नव्हतो. आवाज टिपून ठेवण्याचे माझे कसब दूरदेशीच्या कुणा माणसाने लिहून सगळ्यांना फुकट वापरायला दिलेले होते. नव्या फोनवर ते चालेना. ती त्या माणसाच्या पानावर गेली. तिथे जगभरच्या लोकांनी लिहिले होते, "दुरुस्त कराल का?", "कुठे आहात?", "बरे आहात ना?" एकालाही उत्तर नव्हते.

विनुता त्या पानाकडे बघत राहिली. मग तिने आपल्याकडच्या उत्तर न दिलेल्या पत्रांकडे पाहिले. तिथेही तेच प्रश्न होते.

ते कसब तिला स्वतः नव्याने लिहायला हवे होते. तिने सुरुवातही केली. तेवढ्यात कंपनीचे काम वाढले, कमलाक्षीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. मुदत टळली आणि दुकानातून माझे नाव नाहीसे झाले. ज्यांच्या फोनमध्ये मी होतो त्यांच्याकडे राहिलो. नव्याने मात्र मी कुणाकडे जाऊ शकत नव्हतो.

कारकळजवळच्या एका गावात निरीक्षा नावाची मुलगी आहे. ती जन्मापासून बोललेली नाही. माझ्यातले तिचे शब्द तिची मावसबहीण धन्या हिने भरले होते, दोघी सात वर्षांच्या असताना. निरीक्षाने आपल्या आईला पहिल्यांदा "अप्पे", म्हणजे तुळूत आई, म्हटले ते माझ्यातून, धन्याच्या आवाजात. तिचा फोन जुना झाला, बॅटरी फुगली. आईने, म्हणजे शर्मिलाने, नवा फोन आणला आणि दुकानात मला शोधले. मी सापडलो नाही. तिने पत्रे लिहिली. शेवटी त्या इस्पितळातल्या बाईंकडून पत्ता घेऊन ती निरीक्षाला घेऊन बसने मंगळूरला आली.

"तुम्ही इथे राहता?" शर्मिला दारातच थबकली. "मला वाटलं, परदेशात असाल. मोठं ऑफिस असेल."

"हेच ऑफिस," कमलाक्षी आतून म्हणाली. "माझं खोबरं खवून झालं की टेबल तिचं. या, बसा."

विनुताने मला नव्या फोनवर चढवायचा प्रयत्न केला. हे ॲप जुन्या फोनसाठी आहे, असे सांगून नव्या फोनने मला नाकारले. तिने दुसरी युक्ती केली, तिसरी केली. शर्मिला आशेने बघत होती. मी तर काय, उंबऱ्यावर उभ्या असलेल्या पाहुण्यासारखा. आत घेणे माझ्या हातात नव्हते.

"नाही होत," शेवटी विनुता म्हणाली.

"पण तुम्हीच बनवलंय ना हो हे?"

"मीच बनवलंय. आता मलाच जमत नाहीये. सगळं सोडून दोन-तीन महिने बसले तर होईल कदाचित. आणि सगळं सोडता येत नाही मला." तिने डोळ्यांवरून हात फिरवला. "तुमची पत्रं आली होती. मी वाचली होती, ताई."

निरीक्षा इतका वेळ विनुताकडे टक लावून बघत होती. तिने जुना फोन जवळ ओढला आणि बोट ठेवले.

"दमलीस?" सात वर्षांच्या धन्याच्या आवाजात मी विचारले.

विनुताने मानेनेच हो म्हटले. कमलाक्षीने सगळ्यांपुढे तांदळाचे पातळ नीर डोसे आणून ठेवले.

त्या दिवशी हंपनकट्ट्याच्या बाजारातल्या एका दुकानात जुन्या फोनची बॅटरी बदलून घेतली. एवढेच करता येण्यासारखे होते. पुढच्या आठवड्यात विनुताने साठलेल्या एकेका पत्राला उत्तर लिहिले. मला पुन्हा उभे करणे जमणार नाही, हे तिने स्पष्ट सांगितले. आपल्या माणसांचे आवाज फोनमधून काढून दुसरीकडे कसे जपून ठेवायचे, तेही समजावून दिले. काहींनी ते केले. काहींचे फोन त्याआधीच गेले होते. मासळीवालीकडून उत्तर आले नाही.

निरीक्षा आता तेरा वर्षांची आहे. शाळेत ती त्या मोठ्या कंपनीचे ॲप वापरते आणि कन्नडात छान बोलते. घरी मात्र मला काढते. पण जुन्या फोनमध्येही काही नवे बदल आपोआप उतरले, आणि तेव्हापासून नवे आवाज टिपायचे माझे कसब तिथेही चालत नाही. मुलगी वाढते आहे. मी सात वर्षांच्या मुलीच्या शब्दांवर थांबलो आहे. पाणी, गोष्ट सांग, धन्या, बाळ, नको, दमलीस.

परवा शर्मिला तिची वेणी घालायला बसली. निरीक्षाने मान सोडवून घेतली आणि मला दाबले. "बाळ. नको."

"धन्याचा तान्हा भाऊ येणार म्हणून राग आला होय गं?" शर्मिला म्हणाली. "दोन दिवसांसाठी तर येतोय."

"बाळ. नको. बाळ. नको."

मला कळत होते. मी आता बाळ नाही, असे तिला म्हणायचे होते. मला माझी वेणी घालू दे, असे म्हणायचे होते. पण 'मी' असा शब्द माझ्यात कुणी भरलाच नव्हता. सात वर्षांच्या दोन मुलींना त्याची गरज पडली नव्हती. मी सांगितले तेवढेच बोललो आणि गप्प झालो. निरीक्षाने मला पालथे ठेवले, आईच्या हातातून कंगवा काढून घेतला आणि आरशासमोर जाऊन उभी राहिली. वेणी वाकडी झाली. शर्मिला तिच्याकडे बघत राहिली, आणि हळूहळू तिच्या चेहऱ्यावर उजेड पडत गेला. त्यात माझा काही वाटा नव्हता.

मित्रांनो, तुमच्या फोनमध्ये असे एखादे छोटे ॲप असेल. त्याच्यामागे कदाचित एकच माणूस असेल, आणि ते माणूस थकलेले असेल. त्याला शिव्या देण्याआधी त्याचे नाव शोधा, दोन ओळी लिहा. काय बिघडले ते सांगाच, पण ते माणूस कसे आहे तेही विचारा. आणि ज्यांचे आवाज तुम्हाला हवेहवेसे आहेत, ते माझ्यासारख्याच्या एकट्याच्या भरवशावर ठेवू नका. मी ते मनापासून सांभाळतो. पण हा फोन ज्या दिवशी बंद पडेल, त्या दिवशी मला साधी हाकसुद्धा मारता येणार नाही.