पूर्णवेळ अध्यापक

पप्पा गेल्यानंतर अडतिसाव्या दिवशी कॉलेजचा शिपाई लवू त्यांचं एम.एड.चं प्रमाणपत्र मागायला आला.

लवू पप्पांच्या मातीलाही आला होता. चर्चच्या पायरीवर चपला काढून उभा होता, ते मला आठवत होतं. आज तो ओसरीवर बसायलाही तयार नव्हता.

"सरांचा ओरिजिनल होया होता गो बाय. स्कॅन करूचा आसा, वेबसायटीर घालूक."

"कशाला?"

"नियम इलो हा. मास्तर कोण, शिकलेले काय, वर्षभर शिकयतत काय, सगळा लोकांका दिसाक होया म्हणतत. फोटोसकट. तारीख आसा एकतीस मे."

"पण पप्पा तुमच्या कॉलेजात कुठे होते, लवूदा?"

त्याने आईकडे पाहिलं. आई कोकमाची सोलं वाळत घालत होती. तिने मान वर केली नाही.

"माका काय म्हायत? म्हाडमनी सांगल्यानी, मी इलय," असं म्हणून तो सायकलवर बसला.

पप्पा बांद्याजवळच्या एका हायस्कुलात हेडमास्तर होते आणि २००६ साली तिथूनच निवृत्त झाले. लवूचं कॉलेज म्हणजे मालवणपासून सहा मैलांवरचं डी.एड. कॉलेज. त्या कॉलेजात मी स्वतः २००४ ते २००६ शिकले होते. त्यावरच मला देवगडकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी मिळाली. पप्पांनी तिथे एक तासही घेतलेला नाही, हे माझ्याइतकं खात्रीने दुसरं कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी मी बाजारातल्या सायबर कॅफेत गेले. पान हळूहळू, वरून खाली उघडत गेलं. आधी केस दिसले, मग चष्मा, मग पप्पा. श्री. डॉमिंगो लोबो, एम.ए., एम.एड., पूर्णवेळ अध्यापक, नेमणूक १६ जून २००४, कार्यरत. प्रमाणपत्राची जागा रिकामी होती.

खाली वार्षिक नियोजन होतं. शैक्षणिक मानसशास्त्र, घटक चौथा, बालकाचा भावनिक विकास. तासिकांच्या तारखा होत्या आणि शेवटच्या रकान्यात सगळीकडे 'पूर्ण' लिहिलं होतं. बारा मार्चला पप्पांनी दोन तासिका घेतल्या होत्या. त्या दिवशी सकाळी साडेदहाला आम्ही त्यांना पुरलं.

मी पान छापून घेतलं. राग आला होता, पण खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. हे काम इतकं उघड खोटं होतं, की पप्पांना ठाऊक नसताना त्यांचं नाव कोणीतरी वापरलं असणार. प्रमाणपत्राची झेरॉक्स कुठेही मिळते. सही कोणीही करतो. रात्री झोपताना मी तेवढंच धरून होते.

फक्त आईचं वागणं मला खटकत होतं. छापलेला कागद मी तिच्यासमोर ठेवला, तेव्हा ती दचकली नाही. हात पुसून तिने तो उजेडात धरला.

"फोटो बरो इलो हा," ती म्हणाली.

"मम्मी, हे खोटं आहे."

"रवांदे गो. गेलेल्या माणसाचा नाव खंय तरी रवला तर तुका काय जाता?"

सोमवारी मी मृत्यूचा दाखला घेऊन कॉलेजात गेले. प्राचार्या विमला मॅडमनी मला ओळखलं, चहा मागवला, पप्पांबद्दल चार चांगले शब्द बोलल्या. मी छापलेला कागद पुढे केला.

"हे नाव काढा. आणि त्यांची फाईल मला बघायची आहे."

"नाव काढणारच आहोत. माणूसच राहिला नाही." त्यांनी चष्मा पुसला. "फाईल कशाला बघतेस? तू आमचीच मुलगी. तुझे पाठ मी तपासलेत. फळ्यावर अक्षर तिरकं जायचं तुझं."

"अजून जातं. फाईल द्या."

"नाही दिली तर?"

"तर माहितीच्या अधिकारात अर्ज करेन. मग लेखीच द्यावी लागेल."

त्या जरा हसल्या. कपाट उघडून त्यांनी हिरवी फाईल माझ्यासमोर ठेवली आणि खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. एवढ्या सहज दिली, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

पहिलाच कागद पप्पांच्या हातचा होता. निळी शाई, डावीकडे दोन बोटं समास. 'आपल्या संस्थेत पूर्णवेळ अध्यापक म्हणून माझी नेमणूक मला मान्य आहे. पडताळणीसाठी मूळ प्रमाणपत्रे सादर करीत आहे.' तारीख १४ जून २००४. मी त्या सहीत खोट शोधत राहिले. माझ्या प्रगतिपुस्तकांवर दहा वर्षं पाहिलेली सही होती ती.

त्या वर्षी मला बारावीला एकसष्ट टक्के होते आणि पहिल्या यादीत माझं नाव नव्हतं. पंधरा तारखेला संध्याकाळी पप्पा घरी आले आणि म्हणाले, "दुसऱ्या यादीत लागलं." ती दुसरी यादी मी कधी पाहिली नाही. पाहायचं मनातही आलं नाही.

"एम.एड. झालेला माणूस या किनाऱ्यावर मिळतो कुठे?" मॅडम खिडकीपाशी उभ्या राहूनच बोलत होत्या. "तपासणीच्या दिवशी लोबो सर यायचे. कोट घालून स्टाफरूममध्ये बसायचे, विचारलं तेवढं बोलायचे. त्या दिवशी तुम्हा मुलींना सराव पाठांना बाहेर पाठवायचो. आठवतं?"

आठवत होतं. आम्हाला टेम्पोने आचऱ्याला नेलं होतं, आणि आम्ही गाणी म्हटली होती.

"त्यांनी यासाठी काय घेतलं?" मी विचारलं.

"तुझी जागा. आणखी काही नाही. दुसरा कोणी असता तर काय काय मागितलं असतं." त्यांनी टेबलावर एक टाईप केलेला कागद सरकवला. "हा बघ. ऑक्टोबर २००८मध्येच त्यांनी प्रकृतीच्या कारणाने राजीनामा दिला होता, असं लिहिलंय. वारस म्हणून तू फक्त सही कर. नाव सन्मानाने निघेल. दुसरं काही लिहायचं असेल तरी लिही, पण विचार करून लिही. २००४ला इथे पात्र अध्यापक नव्हता असं ठरलं, तर त्या वर्षीच्या डी.एड.चं काय होईल? तुझ्या नोकरीचं?"

मी सही केली. आज लिहिताना त्याला काही कारण जोडता येईल, आईसाठी केली वगैरे. पण त्या वेळी मी फक्त घाबरले होते.

घरी आले तेव्हा आई बांगडे साफ करत होती.

"बघलस फायल?" तिने विचारलं.

"तुला माहीत होतं."

"तेंनी कोणाचो एक पैसो घेवक नाय."

"पैशाचं नाही म्हणत मी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांच्या कॉप्या पकडल्या त्यांनी."

"तां तेंका समाजत नव्हता?" आईचा हात थांबला. "तपासणीसून इले काय दोन दीस जेवत नसत. तू हॉस्टेलात होतंस, तुका काय दिसतला? पोरीक मास्तरीण करूची होती तेंका. दुसरी वाट गावली नाय."

पप्पांवर रागवावं तर मी त्याच जागेवर उभी होते. आणि त्यांची बाजू घ्यावी तर तो कोट घातलेला, स्टाफरूममधला माणूस डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

जूनच्या शेवटी मी पुन्हा सायबर कॅफेत गेले. नाव निघालं की नाही एवढंच बघायचं होतं. निघालं होतं. त्या जागी मिशीवाला, साठीचा एक गृहस्थ होता. श्री. धोंडू गणपत मेस्त्री, एम.ए., एम.एड., पूर्णवेळ अध्यापक. नेमणूक जानेवारी २००९. वार्षिक नियोजन तेच होतं. बारा मार्चच्या दोन तासिका आता मेस्त्रींनी घेतल्या होत्या. रकाना तसाच, 'पूर्ण'.

पान बंद करणार होते. नियमानुसार विद्यार्थ्यांच्या यादीचाही दुवा दिला होता, तो सहज उघडला. यंदाचं प्रथम वर्ष, चाळीस नावं, आडनाव शेवटी. मी वरून वाचत आले आणि सव्विसाव्या नावाशी थांबले. संजना धोंडू मेस्त्री.

आपल्याकडे मुलीच्या नावात बापाचं नाव येतंच. दोन याद्या शेजारी ठेवून वाचल्या की सगळं दिसत होतं. नियम करणाऱ्यांनी लोकांना दिसावं म्हणूनच ते तिथे ठेवायला लावलं होतं. कॉलेजवाल्यांनीही लपवलं नव्हतं, कारण कोणी वाचेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. अठरा-एकोणीस वर्षांची ती पोरगी पुढच्या तपासणीला टेम्पोत बसून कुठेतरी गाणी म्हणेल. तिलाही घरी कोणीतरी दुसऱ्या यादीचं सांगितलं असेल.

मी दोन्ही याद्या छापून घेतल्या, आणि कॉलेजांना मान्यता देणाऱ्या कार्यालयाचा पत्ताही उतरवून घेतला. दोन दिवस रजा काढून खाडीच्या बाजूच्या खिडकीत बसून पत्र लिहिलं. मेस्त्रींपासून सुरुवात केली होती, ते फाडलं. दुसऱ्याच्या बापापासून सुरुवात करायला जमेना. मग २००४पासून लिहिलं. वारस म्हणून केलेली माझी सही खोट्या मजकुराखाली आहे, हेही लिहिलं. माझ्या वर्षाच्या यादीत माझा क्रमांक चौदा, बैठक क्रमांक अमुक. तेही घातलं, नाहीतर पत्र निनावीच झालं असतं.

तिसऱ्या दिवशी आईला सांगितलं.

"नोकरी जातली?"

"माहीत नाही. जाऊ शकते."

"मगे काय करतलंस?"

"तेही माहीत नाही."

ती उठून आत गेली. मला वाटलं आता रडेल, किंवा पत्र फाडायला येईल. ती चष्मा घेऊन आली आणि माझ्या शेजारी बसली.

"वाच."

मी वाचलं. पप्पांचा उल्लेख आला तिथे माझा आवाज जरा खाली गेला. तिथे तिने कागदावर बोट ठेवलं.

"हय तू 'माझे वडील' लिवलंस. तेंचा नाव पुरा लिव," ती म्हणाली. "डॉमिंगो सालू लोबो. नायतर कचेरीतल्यांका कळतला कसा, कोण तो?"

मी लिहिलं.